समुद्रसफरीसाठी मोठे जहाज बरे की लहान? आईसह पाच जणांना जायचे आहे

रंकाळाकाठ (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीत समुद्रसफरीला जायचे असे आमच्या घरी ठरले आहे, पण जहाज कोणते यावरून तट पडले असून गेले पंधरा दिवस रोज रात्री जेवताना हाच विषय चघळला जातो आहे. आम्ही दोघे, बारा आणि आठ वर्षांची दोन मुले आणि माझी त्र्याहत्तर वर्षांची आई असे पाच जण आहोत. आईचे दोन्ही गुडघे दुखरे आहेत. सपाट रस्त्यावर ती अर्धा तास चालते, रंकाळ्याच्या कट्ट्यावर रोज जाते, परंतु जिना उतरताना तिला कठडा धरल्याशिवाय जमत नाही. हल्ली जोतिबाला गेलो तरी ती वरच्या पायऱ्यांपाशीच हात जोडते.

मुलांना सिंगापूरहून निघणारे, तीन हजारांवर प्रवासी घेणारे मोठे जहाज हवे आहे, कारण त्यावर पाण्याच्या घसरगुंड्या आहेत. सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, एवढ्या माणसांत जायचे तर महाद्वार रोडवर दिवाळीची खरेदी काय वाईट. तिला व्हिएतनाममधल्या हालाँग उपसागरातली वीस खोल्यांची लहान बोट आवडली आहे. माझ्या पुतण्याने तिसराच पर्याय काढला: मुंबईहून लक्षद्वीपला जाणारे मधल्या आकाराचे जहाज, म्हणजे पासपोर्ट-व्हिसाची यातायात नको. ज्या यात्रा कंपनीत चौकशी केली तिथल्या गृहस्थांनी "मोठे जहाज हलत नाही, डोळे मिटून घ्या" असे सांगितले, पण ते स्वतः कधी जहाजावर गेले आहेत का, असे विचारल्यावर त्यांनी चहा मागवला.

मोठ्या आणि लहान जहाजांत नेमका फरक कशाने पडतो, आणि आमच्यासारख्या तीन पिढ्यांच्या कुटुंबाने कशाकडे पाहून निवड करावी, हे प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुना खलाशी (नागाळा पार्क)

सव्वीस वर्षे मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत काढली आणि निवृत्तीनंतर तीनदा तिकीट काढून प्रवासी म्हणून गेलो, तेवढ्या अधिकाराने लिहितो.

आधी आकाराविषयी. जाहिरातीत "अमुक लाख टनांचे जहाज" असे लिहिलेले असते, त्यातला टन हा वजनाचा नसतो. ग्रॉस टनेज हे जहाजाच्या बंदिस्त पोकळीचे, म्हणजे आतल्या जागेचे माप आहे. जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून प्रवाशांसह पहिल्या सफरीला निघालेले 'आयकॉन ऑफ द सीज' हे जहाज २,४८,६६३ टनांचे, सुमारे ३६५ मीटर लांबीचे आणि वीस मजल्यांचे आहे, आणि एका खोलीत दोघे असे धरले तर त्यावर ५,६१० प्रवासी राहतात. याउलट मुंबईहून सफरी करणारे 'एम्प्रेस' हे १९९० मध्ये बांधलेले जहाज ४८,५६३ टनांचे, सुमारे २११ मीटर लांबीचे आणि त्याच हिशेबाने अंदाजे १,६०० प्रवाशांचे आहे. आता भागाकार करा. पहिल्यात माणशी ४४ टन येतात आणि दुसऱ्यात ३०. म्हणजे मोठ्या जहाजावर गर्दी जास्त आणि लहानावर ऐसपैस, ही समजूत दर वेळी खरी ठरत नाही. तुमच्या पर्यायांतल्या प्रत्येक जहाजाचा हा भागाकार तुम्हीच करून पाहा. दोन्ही आकडे सहज मिळतात.

हलण्याविषयी त्या चहावाल्या गृहस्थांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. मोठे जहाज हलते, पण त्याचा डोल संथ असतो, आणि लाटेची लांबी जहाजाच्या मानाने कमी असेल तर ते तिला फारसे जुमानत नाही. बहुतेक प्रवासी जहाजांना पोटाच्या दोन्ही बाजूंनी पाण्याखाली बाहेर येणारे पंख असतात, त्यांना स्टॅबिलायझर म्हणतात. विमानाच्या पंखासारखे ते वाहत्या पाण्यावर काम करतात, त्यामुळे जहाज वेगात असताना त्यांचा जोर असतो आणि जहाज नांगरून उभे राहिले की तो जवळजवळ संपतो. म्हणून कित्येकांना भर समुद्रात काही होत नाही आणि बेटासमोर थांबल्यावर बोट लागते. यावर उपाय म्हणजे खोली लांबीच्या मधोमध आणि शक्य तितक्या खालच्या मजल्यावर घ्यावी. एसटीच्या मागच्या सीटवर बसून करूळ घाट उतरलेल्या कोल्हापूरकराला याचे कारण समजावून सांगावे लागत नाही. बोट लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांनी वयस्कर माणसांना गुंगी येते आणि तोल जातो, तेव्हा आईंसाठी त्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.

ऋतूही आकाराइतकाच महत्त्वाचा आहे. मुंबईकडच्या सफरी पावसाळ्यात बंद असतात ते उगीच नव्हे, आणि पावसाळा संपल्यावरही ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात चक्रीवादळे होतात. सिंगापूरहून पेनांगकडे जाणारा मार्ग मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जातो. तिथे एका बाजूला सुमात्रा आणि दुसऱ्या बाजूला मलाय द्वीपकल्प असा आडोसा असल्याने पाणी बहुधा शांत असते. हालाँगमध्ये तर चुनखडीच्या शेकडो बेटांमुळे लाट अशी नसतेच, परंतु वादळी वारा आला तर लहान बोटीला तो पुरेसा असतो. जुलै २०२५ मध्ये तिथे अचानक आलेल्या वादळात पर्यटकांची बोट उलटून तीसहून अधिक माणसे दगावली. नोव्हेंबरात हवा पुष्कळ निवळलेली असते, तरीही बोटीवर पाय ठेवताच लाइफ जॅकेट कुठे आहेत ते पाहून घ्यावे.

आता तुमच्या आईंचा प्रश्न, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक बंदराविषयी एकच विचारा: जहाज धक्क्याला लागते की बाहेर नांगरते? धक्क्याला लागले तर उतरायला रुंद शिडीपूल असतो आणि चाकाची खुर्चीही सहसा नेता येते. बाहेर नांगरले तर जहाजाच्या कुशीतल्या दारातून खालीवर होणाऱ्या लहान होडीत पाय टाकावा लागतो. दोन खलाशी दंड धरतात हे खरे, पण तो क्षण गुडघेदुखीच्या माणसाला जड जातो, आणि लाटा जास्त असल्या तर कप्तान उतरणेच रद्द करतो. लक्षद्वीपला भोवती प्रवाळाचे कडे असल्याने अशी जहाजे बेटाला भिडत नाहीत. होडीनेच जावे लागते. पेनांगला मात्र स्वेटनहॅम धक्क्यावर जहाज लागते आणि समोरच जॉर्जटाउन शहर आहे, त्यामुळे पायी उतरून जुन्या गल्ल्यांत फिरता येते.

शेवटची गोष्ट वैद्यकीय सोयीची. आंतरराष्ट्रीय नियमानुसार शंभर किंवा अधिक माणसे घेऊन तीन दिवसांहून जास्त काळाच्या आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या जहाजावर डॉक्टर ठेवणे बंधनकारक आहे. वीस खोल्यांच्या बोटीवर तुम्हाला प्रथमोपचाराची पेटी मिळेल, एवढेच गृहीत धरा.

नववी गल्ली (राजारामपुरी)

दोन वर्षांपूर्वी आम्ही सहा जण, म्हणजे आम्ही दोघे, दोन मुले, सासूबाई आणि सासरे, सिंगापूरहून मोठ्या जहाजाने तीन रात्रींसाठी गेलो होतो. जहाजाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण थोडी तक्रारही करायची आहे.

खलाशीकाकांनी खोली मधोमध घ्या असे सांगितले आहे, त्याला माझ्याकडून आणखी एक कारण जोडते. आमची खोली जवळजवळ शेवटच्या टोकाला होती आणि जेवणघर दुसऱ्या टोकाला. मधला बोळ इतका लांब होता की, पलीकडून येणारा माणूस आपला की परका हे तो निम्मी वाट चालून आल्यावर कळायचे. दोन्ही बाजूंना एकसारखी दारे, एकसारखे दिवे. पहिल्या दिवशी मी दोनदा उलट्या दिशेने गेले. नंतर साफसफाई करणाऱ्या मुलाने दाखवले की, गालिच्यावर विणलेल्या सगळ्या माशांची तोंडे जहाजाच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे आहेत. त्यानंतर सासरे खाली मासे बघत बघतच चालायचे. सासूबाई मात्र दर जेवणाला जाताना लिफ्टजवळच्या बाकावर दोनदा टेकायच्या, आणि रात्रीचा खेळ सुटला की लिफ्टसमोर अंबाबाईच्या दर्शनरांगेसारखी रांग लागायची. मोठ्या जहाजात जिना चढावा लागत नाही हे खरे असले, तरी चालणे पुष्कळ पडते. त्यामुळे खोली लिफ्टजवळ मिळणे हे समुद्र दिसण्याइतकेच मोलाचे आहे. जहाजावर चढण्या-उतरण्यासाठी चाकाची खुर्ची हवी असेल तर तसे तिकीट काढतानाच लिहून द्यावे.

मुलांच्या दृष्टीने विचाराल तर प्रश्नच नाही. सकाळी नाश्ता झाला की दोघे गडप व्हायची आणि भूक लागली की उगवायची. आपल्याला तीन दिवस "आता काय करू?" हा प्रश्न कोणी विचारला नाही, याची किंमत सुट्टीत मुले सांभाळलेल्या माणसालाच कळेल.

तक्रार अशी की, माहितीपुस्तिकेत एका बंदरात आठ तास मुक्काम असल्याचे छापले होते. एवढी माणसे उतरणार म्हणून गटागटाने सोडले, परतीसाठी तासभर आधी या म्हणाले आणि आमच्या वाट्याला पाच तासही आले नाहीत. दुसरे म्हणजे तिकिटाच्या रकमेत जेवण होते, पण माणशी दर रात्रीचा सेवाआकार, इंटरनेट, काही उपाहारगृहे आणि ते गळ्यात पडून काढलेले फोटो हे सगळे वेगळे निघाले. शेवटच्या सकाळी दाराखालून बिल सरकवून गेले, तेव्हा यजमानांनी ते दोनदा वाचले. सेवाआकार आणि बंदरशुल्क धरून पाच जणांचा आकडा आधीच लेखी मागून घ्या. सिंगापूरहून निघून पुन्हा सिंगापूरलाच यायचे असल्याने तिथला व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा आहे ना, हेही तपासा.

जेवणाची चिंता करू नका, वरणभातापासून सगळे होते. फक्त घरचे डबे जहाजावर नेऊ देत नाहीत. बंद पाकिटातले भडंग मात्र आमच्या बॅगेतून सुखरूप गेले.

जयसिंगपूरकर

वरच्या शेवटच्या मुद्द्याला थोडी पुस्ती जोडतो. आम्ही सूर्यास्तानंतर जेवत नाही. मोठ्या जहाजावर जैन जेवणाची स्वतंत्र सोय होती, पण मुख्य भोजनगृह उघडायचे साडेसहाला, त्यामुळे पहिल्या संध्याकाळी फळांवर भागवावे लागले. दुसऱ्या दिवसापासून विनंतीवरून साडेपाचला ताट मिळाले. गंगेवरच्या लहान जहाजावर मात्र आचारी स्वतः पहिल्याच दुपारी येऊन काय चालते, काय चालत नाही हे विचारून गेला. लहान जहाजात शब्द लवकर पोहोचतो, पण शिध्यात जे भरले असेल तेच मिळते. उपवासाचे दिवस मधे येत असतील तर दोन्हीकडे आधी कळवणे उत्तम.

रंकाळाकाठ (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री ही उत्तरे आईला वाचून दाखवली. खलाशीकाकांनी होडीत पाय टाकण्याचे लिहिले आहे, तिथे तिने मला थांबवले. तिचे माहेर वेंगुर्ल्याचे. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने ती गावी जायची. बोट बंदराबाहेर उभी राहायची आणि पडावातून किनारा गाठावा लागायचा. "खलाशी बगलेत धरून उचलायचा आणि पडाव वर आला की सोडायचा, लाट मोजून," असे ती म्हणाली. डेकवर वळकट्या, आंब्याच्या करंड्या आणि बोट लागलेली माणसे हेच तिच्या लेखी जहाज. आता तिची अट एकच आहे: गाणीबजावणी नसली तरी चालेल, पण बसल्या जागेवरून पाणी आणि जमले तर किनारा दिसला पाहिजे. यामुळे सौभाग्यवतींच्या लहान बोटीचे पारडे एकदम जड झाले आहे. हालाँगला कोणी जाऊन आले आहे का?

कात्यायनीच्या वाटेवर

आम्ही उभयता, दोघेही निवृत्त शिक्षक, हालाँगला दोन रात्री राहून आलो आहोत. लहान बोटीचा मी पक्षपाती आहे हे आधीच कबूल करतो, तरीही तुम्हाला ती घ्या असे सांगायला माझी जीभ रेटत नाही.

सुख काय ते आधी सांगतो. सकाळी सहाला पडदा सारला तेव्हा धुक्यातून एक हिरवागार सुळका खिडकीपासून इतका जवळ उभा होता की, त्याच्या कपारीतल्या झुडपाची पाने मोजता आली असती. इंजिन बंद होते. कुठल्याशा होडीच्या वल्ह्याचा आवाज तेवढा येत होता. मोठ्या जहाजाच्या चौदाव्या मजल्यावरून समुद्र दिसतो, पण तो गच्चीवरून रस्ता दिसावा तसा. इथे तो ओसरीवरून अंगण दिसावे तसा दिसतो. तुमच्या आईंची अट ही बोट पुरेपूर पाळील.

अडचण अशी की, आमच्या बोटीला लिफ्ट नव्हती. झोपायच्या खोल्या खाली, जेवण मधल्या मजल्यावर आणि बसायच्या खुर्च्या वर. दोन मजल्यांमधला जिना अरुंद आणि माडीच्या जिन्यासारखा उभा. दिवसातून दहा वेळा तो करावा लागला. काही नव्या आणि मोठ्या बोटींना लिफ्ट असते, त्यामुळे तो प्रश्न विचारून घ्यावा. पण बोटीतून बाहेर पडायचे तर लहान होडी चुकत नाही. टिटॉप बेटाच्या माथ्यावर जायला चारशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि सुंग सोत या मोठ्या गुहेतही चढउतार पुष्कळ आहे. म्हणजे सगळे फिरायला जातील तेव्हा आई बोटीवर एकट्या राहतील. त्यांना ते चालेलही, परंतु तुम्हाला चालेल का, हे तुम्हीच ठरवायचे. मुलांविषयी म्हणाल तर, रात्री बोटीच्या कडेला दिवा सोडून बांबूच्या काठीने माखूल (स्क्विड) धरायला बसवतात, त्यात आमच्याबरोबरची दोन मुले पहिल्या रात्री रंगून गेली होती. दुसऱ्या रात्री माखूल आले नाही, मुले कंटाळली, आणि वीस खोल्यांच्या बोटीत कंटाळलेले मूल सर्वांचेच होते.

लहान जहाजाचा खरा अधिकार मोठ्याला जिथे मज्जाव आहे तिथे कळतो. व्हेनिसमध्ये १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांहून मोठ्या जहाजांना सान मार्कोसमोरून जायला बंदी आहे. अंटार्क्टिकात पाचशेहून अधिक प्रवासी असलेल्या जहाजाने किनाऱ्यावर माणसे उतरवायची नाहीत आणि एका जागी एका वेळी शंभरांहून जास्त उतरवायची नाहीत, असा तिथल्या सफरकंपन्यांच्या संघटनेचा दंडक आहे. गॅलापागोसला तर एका जहाजावर शंभरच प्रवासी. अशा ठिकाणी जायचे असेल तर निवडीचा प्रश्नच उरत नाही, फक्त खिशाचा उरतो. कारण थोड्या प्रवाशांवर कप्तान, यंत्रज्ञ आणि आचारी यांचा सगळा खर्च बसतो. लहान म्हणजे स्वस्त, असे समजून कोणी जाऊ नये.

माझ्या मते तुम्ही या वेळी मोठे जहाज घ्यावे, पण बिनखिडकीची खोली घेऊन पैसे वाचवू नयेत. आईंना सज्जाची खोली द्या. पहाटे जहाज बंदरात शिरते तेव्हा आपोआपच किनारा जवळ येतो, आणि ते सज्जात बसून पाहायला ना रांग लागते ना जिना. हालाँग तुम्ही दोघांनी नंतर करावे, मुले आजीकडे ठेवून.

जुना खलाशी (नागाळा पार्क)

गुरुजींशी सहमत आहे. फक्त सज्जाच्या खोल्या वरच्या मजल्यांवर असतात, तेव्हा त्यांतला सर्वांत खालचा मजला मागा. खोलीच्या डोक्यावर नाचघर किंवा भोजनगृह नाही ना, हेही नकाशात पाहा. पहाटे पाचला खुर्च्या सरकवण्याचा आवाज इंजिनापेक्षा वाईट. आणि लाट मोजून सोडण्याचे आईंनी जे सांगितले, ते शंभर टक्के बरोबर आहे. होडी वर आलेली असतानाच पाय टाकायचा असतो. आम्हा लोकांना ते प्रशिक्षणात शिकवतात.

रंकाळाकाठ (प्रश्नकर्ता)

पुन्हा एकदा आभार. सिंगापूरची तीन रात्रींची सफर नक्की केली. दोन्ही बंदरांत जहाज धक्क्याला लागते, हे लेखी घेतले आहे. एकाच मोठ्या खोलीचा आधीचा बेत सोडून शेजारच्या दोन खोल्या घेतल्या: आई आणि थोरली सज्जाच्या खोलीत, धाकट्याला घेऊन आम्ही दोघे बिनखिडकीच्या. खर्च वाढला तो सिंगापुरातला एक मुक्काम कमी करून भागवला. सौभाग्यवतींना हालाँगचे वचन दिले असून ते तिने मुलांसमोर वदवून घेतले. आईला काकांचा निरोप सांगितला, तेव्हा तिने "मग मला कशाला शिकवतात?" एवढेच विचारले आणि लगेच पासपोर्टच्या फोटोसाठी कोणती साडी नेसायची याकडे वळली. आता आमच्या खोल्यांपासून लिफ्ट किती पावलांवर आहे एवढेच कळायचे राहिले आहे. यात्रा कंपनीतल्या गृहस्थांना काल तेही विचारले, तर त्यांनी पुन्हा चहा मागवला.